आधी मरणाचं ठरव, मग पैदाशीचं

चि. ओंकार,


तुझा मेल वाचला, अजगराचे फोटोही पाहिले. अंगावर तकाकी आहे, कात एकसंध टाकली आहे, म्हणजे निगा चांगली चालली आहे. आता तुला ओहायोतल्या त्या भाड्याच्या घराच्या तळघरात रॅटची पैदास सुरू करायची आहे. आईला विचारलं असतंस तर उत्तर एका शब्दात आलं असतं. मला विचारलंस, कारण माझा जन्म प्राणिगृहात गेला. औषधांच्या आणि लशींच्या चाचण्यांना लागणारे माइस नि रॅट वाढवणं, त्यांची वेतं सांभाळणं आणि वेळ आली की त्यांना मरण देणं, हेच माझं काम होतं. तेव्हा मी नाक मुरडणार नाही, आणि ‘हौस आहे ना, मग कर’ असंही म्हणणार नाही.

सगळ्या पत्राचं सार आधीच सांगते. जो जीव तू मरण्यासाठी जन्माला घालणार आहेस, तो कसा मरेल हे पक्कं ठरल्याशिवाय पहिली जोडी घरात आणू नकोस. लोक पिंजऱ्यापासून सुरुवात करतात आणि मारण्याची वेळ आली की गडबडतात. ती गडबड त्या मुक्या जिवाला भोवते. सापाला मांसच लागतं, त्यामुळे रॅट मरणार हे ठरलेलं आहे. त्याचा अपराधी भाव तू बाळगू नकोस, पण जबाबदारी मात्र टाळू नकोस.

आता हिशेब मांड. तुझा एक बॉल पायथन. दर दोन आठवड्यांनी एक रॅट धरला तरी वर्षाला २६ होतात. तो पुरता वाढला की दोन जेवणांतलं अंतर आणखी वाढेल, म्हणजे रॅट त्याहून कमी लागतील. शिवाय ही जात उपास करण्यात पटाईत. थंडीत किंवा विणीच्या काळात चांगला धडधाकट अजगर महिनोन्‌महिने तोंड लावत नाही. आता दुसरी बाजू बघ. रॅटची मादी २१ ते २३ दिवस गाभण राहते, एका वेतात साधारण आठ ते बारा पिल्लं देते, आणि व्याल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यात तसाच ठेवलास तर ती एका वेताला दूध पाजतानाच दुसऱ्याने गाभण होते. तू समंजसपणे नर बाजूला काढलास, माद्यांना विश्रांती दिलीस, दोन माद्यांची वर्षाकाठी पाच-पाचच वेतं घेतलीस, तरी शंभराच्या आसपास पिल्लं होतात. तुला हवेत २६. उरलेल्यांचं काय करणार? साप जेवायचा थांबतो, रॅट व्यायचे थांबत नाहीत. एका सापासाठी पैदास करणं म्हणूनच हिशेबात बसत नाही. तुझ्या ओळखीत साप पाळणारे आठ-दहा जण असतील, कोण किती घेणार हे आधी ठरलं असेल आणि चांगला मोठा फ्रीजर हाताशी असेल, तर गोष्ट वेगळी.

तू लिहिलं आहेस की विकतचे गोठवलेले रॅट महाग पडतात आणि ताजं ते ताजं. महागाईचं म्हणशील, तर पिंजरे, खाद्य, भुसा, वीज आणि रोजचा तासभर वेळ धरल्यावर एका सापासाठी घरचा रॅट स्वस्त पडत नाही. आणि ताजं म्हणजे जिवंत, असं तुझ्या मनात असेल तर ते आजच काढून टाक. भूक नसलेला अजगर वेटोळं घालून, डोकं आत खुपसून बसतो आणि भेदरलेला रॅट त्याची पाठ कुरतडतो. अशा चाव्यांनी हाडापर्यंत जखमा होतात, त्या सडतात, साप दगावतोही. रॅटचं तर विचारूच नकोस. बंद पेटीत शिकाऱ्यासमोर अडकून पडण्याची भीती त्याला पुरेपूर कळते. जिवंत रॅट सोडण्यात दोघांचंही नुकसान आहे.

गोठवलेला रॅट आदल्या रात्री वेगळ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोमट पाण्यात सोडावा. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो. पोट दाबून बघ, मध्ये कुठे कडक लागता कामा नये. मग डोक्याकडचा भाग थोडा जास्त ऊन कर. तुझ्या अजगराच्या ओठांवर बारीक खळगे आहेत ना, त्यांनी तो उष्णता ओळखतो. डोकं गरम असेल तर तो नेमका तिथेच धरतो. लांब चिमट्याने, संध्याकाळनंतर, मंद उजेडात दे. नाही घेतला तर त्याच्यामागे लागू नकोस. पेटीची ऊबदार बाजू ३१-३२ अंशांवर आहे का, लपायला जागा आहे का, ते बघ, आठवड्याला वजन कर. वजन टिकून असेल तर उपास चालू दे. एकदा वितळलेला रॅट मात्र परत गोठवायचा नाही.

आता मरणाचं. घरच्या फ्रीजरमध्ये जिवंत पिल्लू टाकणं, पाण्यात बुडवणं, जमिनीवर आपटणं असले प्रकार लोक सर्रास करतात आणि वर ‘त्याला कळत नाही’ असं सांगतात. त्याला कळतं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची वेदनारहित मृत्यूबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०२०ची आवृत्ती काढून उंदीरवर्गीय प्राण्यांचं प्रकरण शांतपणे वाच. कार्बन डाय-ऑक्साइड वापरायचा तर तो सिलिंडरमधूनच, प्रवाह मोजणारं यंत्र लावून, पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के दर मिनिटाला, या बेताने सोडायचा असतो. व्हिनेगर-सोडा किंवा कोरड्या बर्फाचे घरगुती उपाय त्यात बसत नाहीत, कारण वायू किती वेगाने येतो यावर आपला ताबा राहत नाही. उघड्या अंगाच्या पिल्लांचं आणखी कठीण. ती प्राणवायूशिवाय बराच वेळ तग धरतात; हालचाल थांबली म्हणजे मेली असं नसतं. म्हणून मृत्यूची खात्री दुसऱ्या पद्धतीने करून घ्यावी लागते. ही विद्या व्हिडिओ बघून येत नाही. साप आणि उंदीर दोन्ही बघणारा पशुवैद्य गाठ, फी दे, आणि त्याच्या समोर हात बसेपर्यंत शीक. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला आला की आधी महिना-दोन महिने फक्त प्राणी हाताळायला शिकवत असू. हात थरथरत असेल तोवर या कामाला कोणाला पुढे करायचं नाही, हा नियम होता. तुलाही तोच नियम.

एवढं जमेल असं वाटलं तरच जगण्याकडे वळ. ते जगणं काही आठवड्यांचं असलं तरी तोकडं असू नये. रॅट उभा राहू शकेल इतका उंच पिंजरा हवा, लपायला खोकं, कुरतडायला लाकूड, घरटं करायला कागदाच्या पट्ट्या हव्यात. एकटा रॅट कधी ठेवू नये. तो कळपातला प्राणी आहे. अंथरायला ॲस्पेनचा किंवा कागदाचा भुसा वापर. देवदार आणि कच्च्या पाइनचा वास आपल्याला छान वाटतो, पण त्यातले अर्क त्यांच्या फुप्फुसांना आणि यकृताला सोसत नाहीत. खोलीचं तापमान २० ते २६ अंश ठेव. तिशीच्या वर गेलं की रॅट उकाड्याने बेजार होतात, कारण त्यांना आपल्यासारखा घाम सुटत नाही. खाद्य तयार गोळ्यांचं दे. सूर्यफुलाच्या बिया आणि कुत्र्याच्या खाद्यावर वाढवलेला रॅट चरबीने फुगतो आणि तीच चरबी सापाच्या पोटात जाते. पाण्याची बाटली भरलेली दिसते म्हणून समाधान मानू नकोस. रोज नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून थेंब येतो का बघ. ती अडकली तर एका रात्रीत माद्या तहानेने कासावीस होतात आणि पिल्लं खातात. मग लोक मादीला दोष देतात.

घरट्यात पहिले दोन-तीन दिवस विनाकारण हात घालू नये. बघायचंच झालं तर मादी खायला बाहेर आली असताना, स्वच्छ हाताने कागद जरा बाजूला कर. पिल्लू गुलाबी, पारदर्शक असतं; पोटाच्या डाव्या बाजूला कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसतो. तो पट्टा दिसला की समजावं, आई पाजते आहे. नसेल आणि पिल्लू गार लागत असेल तर त्याच दिवशी काहीतरी करायला हवं. तीन आठवड्यांनी दूध तुटतं. पाच आठवड्यांच्या आत नर-माद्या वेगळ्या केल्याच पाहिजेत, नाहीतर भावंडांतच पुढची पिढी सुरू होते.

पिंजऱ्याजवळ उभं राहून वास घेऊ नकोस, झाकण काढून नाक भुशाजवळ ने. तिथे डोळ्यांना झोंबलं तर चोवीस तास तिथेच राहणाऱ्या प्राण्याची काय गत असेल? मुताचा अमोनिया साठला की श्वासाचे रोग बळावतात. रॅटला पाठीकडून, छातीखाली आधार देऊन उचल, शेपटीने लोंबकळवायचं नाही. मग कानाशी धरून ऐक. घरघर किंवा टकटक ऐकू आली तर रोग शिरला आहे. डोळ्यांभोवती, नाकाशी लालसर कड दिसली तर ते रक्त नसतं; डोळ्यामागच्या ग्रंथीतलं रंगद्रव्य असतं, पण ते असं दिसू लागलं की प्राणी आजारी किंवा त्रासात आहे हे नक्की. असा रॅट सापाला घालायचा नाही.

आता घरातल्या माणसांचं. उंदरांच्या मुतातल्या प्रथिनांची ॲलर्जी हा प्राणिगृहातल्या माणसांचा जुना आजार आहे. आधी शिंका, मग अंगावर गांध्या, मग दमा. तुझ्यासोबत राहणाऱ्या दोघांना आणि घरमालकाला विचारल्याशिवाय एकही पिंजरा आत येऊ देऊ नकोस. तळघरातली हवा सगळ्या घरात फिरते. सॅल्मोनेला गोठवून मरत नाही, म्हणून सापाचं खाद्य स्वयंपाकाच्या फ्रीजरमध्ये किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नको. भांडी, चिमटा, डबा सगळं वेगळं. पाच वर्षांखालची मुलं घरी येत असतील तर जास्तच जपायचं. डिसेंबर २०१६ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये घरी रॅट वाढवणारा एक जण आजारी पडून इस्पितळात गेला. निदान झालं सोल विषाणूचं, जो रॅटमधून माणसात येतो. तपास पुढे अकरा राज्यांपर्यंत पोचला आणि १७ माणसांना लागण झाल्याचं आढळलं. रॅट वरून धडधाकट दिसत होते. या विषाणूने ते आजारी पडत नाहीत, फक्त पसरवतात. म्हणून पैदाशीची जोडी तपासणी केलेल्या कळपातूनच घ्यायची, आणि नवीन आलेले प्राणी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचे. माइस पाळायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेव: त्यांच्यातून येणारा एलसीएमव्ही नावाचा विषाणू गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला फार घातक असतो. पुढे घरात तशी बातमी आली की हे सगळं तत्काळ दुसरीकडे हलवायचं, त्यात वाद नको.

तुझे फोटो बघून नाशिकला धाकट्यालाही सापाचं खूळ लागलं आहे. त्याला तूच समजाव, तुझं तो ऐकेल. आपल्याकडचा अजगर, धामण, तस्कर, यातलं काहीच घरात ठेवता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना संरक्षण देतो. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि धामण शेतात राहिली तर उंदीर तीच आवरते, आपण वाढवून घालायची गरज पडत नाही.

तर माझं सांगणं असं. आत्ता एकच साप आहे तोवर विश्वासू ठिकाणचे गोठवलेले रॅट घे. ते कसे वाढवतात आणि कसे मारतात हे विक्रेत्याला फोन करून विचार. उत्तर द्यायला जो कचरतो त्याच्याकडून घेऊ नकोस. आपण दुसऱ्याकडून मारून घेतलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. पुढे सापांची संख्या वाढली, आठ-दहा जण एकत्र आले आणि पैदास करावीशी वाटली, तर क्रम हाच ठेव: आधी पशुवैद्याकडे हात शिकून ये, मग घरातल्यांची परवानगी, मग वेगळा फ्रीजर, मग पिंजरे, आणि शेवटी प्राणी. शिकून झालं की मला कळव. पिंजऱ्यांच्या मापापासून नोंदवहीच्या रकान्यांपर्यंत सगळी यादी मी स्वतः करून पाठवीन. आणि शिकताना लक्षात आलं की हे आपल्याच्याने होणार नाही, तर तसं मोकळेपणी सांग. त्यात कमीपणा काही नाही. तेवढे जीव उगाच जन्माला यायचे वाचतील.

अभ्यासाकडे लक्ष दे, वेळेवर जेव.

तुझी,
मावशी