पूर्वग्रहाची गंमत : एका कादंबरीचा अभ्यास
(इयत्ता नववी ते बारावीसाठी)



जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. तीत नृत्यसमारंभात डार्सी एलिझाबेथविषयी तुच्छतेने बोलतो. ते तिच्या कानी पडते आणि तिच्या मनात अढी बसते. याच कथेचा आधार घेऊन कॅनडातील लेखिका उज्मा जलालुद्दीन यांनी २०१८ मध्ये 'आयेशा ॲट लास्ट' ही विनोदी प्रेमकथा लिहिली. लेखिकेने शाळेत अध्यापन केले आहे. नायिकाही बदली शिक्षिकाच आहे.

आयेशाचे कुटुंब हैदराबादहून टोरांटोला गेलेले. ती हिजाब घालते आणि तिला कवयित्री व्हायचे आहे. खालिद दाढी राखतो, लांब पांढरा झगा घालून ऑफिसला जातो, लग्न आईनेच ठरवावे असे मानतो. काव्यवाचनाच्या ठिकाणी आयेशाला पाहून, अशा जागी येणाऱ्या मुसलमानांपासून आपण दूर राहतो, असे तो म्हणतो. ती ते ऐकते आणि त्याला कट्टर ठरवून मोकळी होते.

पुढे मशिदीतील कार्यक्रमाच्या तयारीत आयेशा मामेबहीण हफ्साच्या जागी जाते. खालिद तिलाच हफ्सा समजतो आणि लग्नाची बोलणी भलत्याच मुलीशी होतात!

येथे लक्षात घ्या, हसू धर्माचे होत नाही, घाईने काढलेल्या निष्कर्षांचे होते. वेशामुळे खालिदला ऑफिसात त्रास सोसावा लागतो. तरी तोच आयेशाला एका नजरेत तोलतो. ज्याच्यावर अन्याय होतो, तोही दुसऱ्यावर अन्याय करू शकतो, हा या कथेचा गाभा. शेवटी दोघे जवळ येतात ते श्रद्धा सोडून नव्हे, अहंकार सोडून.

पालकांनीही ही कथा जरूर वाचावी. मूळ गावापासून दूर वसलेला समाज आपले वळण जपताना मुलांवर बारीक नजर ठेवतो. 'चार लोक काय म्हणतील' हे वाक्य टोरांटोतही आहे आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतही. वळण जपावेच, पण मुलांचे म्हणणे ऐकून.

स्वाध्याय
१. डार्सी व खालिद यांच्यातील दोन साम्ये लिहा.
२. आयेशाचा पूर्वग्रह कोणता?
३. केवळ वेश किंवा बोली यांवरून आपण कोणाविषयी मत बनवले आहे का? ते तपासून दहा ओळी लिहा.