उवा परत का येतात?

एकदा औषध लावले की उवा गेल्या, अशी आम्हां वसतिगृहातील मुलींची समजूत असते. परंतु बहुतेक औषधांनी सर्व लिखा मरत नाहीत. 7 ते 10 दिवसांत त्या फुटतात. म्हणून साधारण नवव्या दिवशी औषध पुन्हा लावावे व दोन-तीन आठवडे ओले केस तुळशीबागेत मिळणाऱ्या बारीक दातांच्या फणीने विंचरावेत. सीताफळाच्या बियांची पूड मात्र लावू नये. डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते.

ऊ उडत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. डोक्याबाहेर ती दोन दिवसही जेमतेम जगते. तेव्हा अभ्रे कढत पाण्यात धुवावेतच. पण खोलीतील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासणे अधिक महत्त्वाचे. एकीने लाजेपोटी लपविले, तर सर्वांचेच श्रम वाया जातात. माझ्या मते, ही लाजच आधी विंचरून काढावी.