तोंडवलीची वाळूपट्टी गेममध्ये कशी उतरवावी?

व्हिडिओ गेम ही आता केवळ मुलांची करमणूक राहिलेली नाही. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये उपग्रहचित्रे व नकाशे यांवरून सारी पृथ्वी उभी केलेली आहे. अशा कामासाठी जमिनीची माहिती साफ करून द्यावी लागते. साध्या संगणकावर शिकता येणारा हा हुन्नर मालवण तालुक्यातील तोंडवलीच्या उदाहरणाने समजून घेऊ.

कच्चा माल : अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत रडारने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकोनांत मोफत मिळते. इस्रोच्या 'भुवन'वरही भारताची अशी माहिती आहे.

माप : हा माल अक्षांश-रेखांशांत येतो. तोंडवलीजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा, तर रेखांशाचा सुमारे १०७ किलोमीटरचा भरतो. दोन्ही सारखे धरल्यास भूभाग पूर्व-पश्चिम ताणला जातो. म्हणून 'क्यूजीआयएस' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे मीटरमध्ये, बदलून घ्यावा. नंतर एक कोपरा शून्य धरावा; लाखांतले मोठे आकडे तसेच ठेवले तर गेममधील वस्तू थरथरतात. उंचीचे चित्र १६ बिटचे ठेवावे. ८ बिटमध्ये उंचीच्या २५६ पायऱ्याच मिळतात, १६ बिटमध्ये ६५,५३६.

तपासणी : खरी कसोटी येथे आहे. तोंडवली-तळाशीलच्या पट्टीला एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस गड नदीची खाडी. अशा अरुंद जागी एकाच चौकोनात वाळू, पाणी आणि माड येतात. रडारच्या मापात माडांची उंची मिसळते व सपाट पट्टीवर टेकाड उठते. ते डोळे मिटून खाली दाबले तर समुद्र व खाडी एक होऊन गावच बुडते! यास्तव किनारारेषा उपग्रहचित्रावरून वेगळी आखावी, झाडांची उंची वजा करावी, माड स्वतंत्र लावावेत. चित्र भरतीचे की ओहोटीचे, कोणत्या सालचे, याची नोंद ठेवावी. वाळूचा किनारा सरकत असतो.

परवाना : 'ओपनस्ट्रीटमॅप'ची माहिती धंद्यात वापरता येते, पण श्रेय व परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशाकामासाठी पूर्वपरवानगीची गरज ठेवलेली नाही. संवेदनशील ठिकाणांचे निर्बंध मात्र आहेत.

अंगाचे माप न घेता कापड कापणारा शिंपी गिऱ्हाईक गमावतो. संगणक कोणीही विकत घेईल. पण खाडीचे तोंड कोठे आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असते. होतकरू तरुणांनी प्रथम आपल्याच गावाचा नमुना तयार करावा, तो जाणत्या खलाशाकडून तपासून घ्यावा, आणि मगच कामाची बोली करावी.