बाळ दूध काढतंय म्हणून अंगावरचं तोडू नका



वस्तीत दोन-तीन महिन्यांचं बाळ असलेल्या घरात गेलं, की बाळंतिणीच्या खांद्यावर ओला रुमाल दिसतोच. बाळ पोटभर पितं आणि लगेच दूध काढतं. मग कुणी म्हणतं आईचं दूध जड झालं, कुणी म्हणतं दूध बाधतंय, कुणी मीठ-मिरची ओवाळून नजर काढतं. चार दिवसांत पावडरचा डबा आणि बाटली घरात येते. बाळाचं खरं नुकसान तिथून सुरू होतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. मोठ्या माणसात ते दोरी ओढलेल्या पिशवीच्या तोंडासारखं बंद राहतं, बाळात ते अजून ढिलं असतं. त्यात जठर इवलंसं, खाणं सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वात जास्त होतं, बाळ बसू लागलं की कमी होतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप थांबतं. बाळंतिणीची डाळ-भाजी त्यासाठी बंद करू नका. तिला उपाशी ठेवून बाळाचं ओकणं थांबत नाही.

बाळ हसत-खेळत असेल, दिवसातून सहा वेळा तरी लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर तो आजार नाही. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वजन वाढतं. अंगणवाडीत वजन करून कार्डावर लिहून घ्या. शेजारणीच्या अंदाजापेक्षा काटा खरा.

पाजताना बाळाचं डोकं पोटापेक्षा वर ठेवा. आईनं भिंतीला उशी लावून थोडं मागे रेलावं आणि बाळ छातीवर उभं-तिरपं घ्यावं. दूध फार जोरात येत असेल तर या पद्धतीनं ठसकाही कमी लागतो. थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. मध्ये एकदा आणि शेवटी ढेकर काढा. नंतर अर्धा तास खांद्यावर उभं धरा. हे काम आजीचं, बापाचंही आहे. पाजून लगेच मालीश, अंघोळ, घट्ट लंगोट नको. लगेच झोळीतही टाकू नका, त्यात पोट दुमडतं. झोपवताना पाठीवरच, उशीशिवाय. ओकेल म्हणून पालथं झोपवणं धोक्याचं आहे. घुटी, ग्राइप वॉटर, मध यांची सहा महिन्यांपर्यंत गरज नाही. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. मिश्री लावत असाल तर तंबाखूतलं निकोटिन दुधातून बाळात जातं आणि ते ढिलं कडं आणखी ढिलं होतं. घरातल्या बिडीचा धूरही तसाच. बाळाच्या आधी मिश्री सोडा. अंगावरचं दूध तोडू नका.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जाणाऱ्या बायकांची अडचण वेगळी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या पगारी रजेच्या विधेयकाची बाजू मांडली होती. आज कायद्यानं मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामावर पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. मागून घ्या. धुणीभांडी करणाऱ्या बहिणीला मात्र हा कायदा पोहोचत नाही. तिनं स्वच्छ हातानं दूध काढून झाकलेल्या भांड्यात ठेवावं. सावलीच्या थंड जागी ते चार तासांपर्यंत चालतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावं. बाळाला वाटी-चमच्यानं, बसतं धरून पाजा. बाटलीतून हवा पोटात जाते, आणि बाटली नीट उकळली नाही की जुलाब.

आता थांबू नये अशा वेळा. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, पोट फुगून कडक झालं असेल, शौचात रक्त असेल, बाळ सुस्त पडून पीतच नसेल, लघवी कमी झाली असेल, पाजताना ठसका लागून निळं पडत असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. दोन-सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक वेळी पिचकारीसारखी लांब उलटी करून पुन्हा भुकेनं रडत असेल, तर जठराचा पुढचा मार्ग अडलेला असू शकतो. त्यावर छोटी शस्त्रक्रिया असते आणि बाळ बरं होतं. वजन थांबलं असेल तर आशाताईला घेऊन जा.

नाशिकचं सिव्हिल, डॉ. झाकिर हुसेन किंवा नाशिकरोडचं बिटको गाठा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जाताना अंगावर पाजणं चालू ठेवा, आणि वजनाचं कार्ड बरोबर घ्या.