बागेतील तळे आणि रानबदके

विसाव्या शतकात ब्रिटनच्या ग्रामीण भागातील असंख्य लहान तळी शेतीच्या विस्तारासाठी बुजविली गेली, तर काही निगेअभावी गाळाने भरून गेली. त्यामुळे बेडूक, चतुर आणि न्यूट नावाचे सरड्यासारखे उभयचर यांना घरोघरच्या बागांतील तळ्यांचा मोठा आधार झाला. चार पावलांत ओलांडता येईल अशा तळ्यातही जीवांची एक संपूर्ण सृष्टी नांदते. मात्र मॅलार्ड जातीच्या रानबदकांची एकच जोडी तेथे मुक्कामास आली, तर ही सृष्टी काही आठवड्यांतच विस्कळीत होऊ शकते.

मॅलार्ड नराचे डोके चकचकीत हिरवे व चोच पिवळी असते. मादी तपकिरी व ठिपकेदार असते. हिवाळ्यात हा पक्षी उत्तर भारतातही येतो. पाळीव बदकांच्या बहुतेक जाती याच्यापासूनच निर्माण झाल्या आहेत.

बदकांमुळे काय घडते?

मॅलार्ड सहसा बुडी मारत नाही. शेपटी वर व डोके खाली करून तो उथळ पाण्यातील वनस्पती, कीटकांच्या अळ्या, गोगलगायी आणि भैकेर, म्हणजे बेडकांची पिले, टिपतो. या धडपडीत पाणवनस्पती उपटल्या जातात व तळाचा गाळ ढवळला जातो. त्यातच विष्ठेतून नत्र व स्फुरद यांची भर पडते. हे पोषक द्रव्य मिळताच शैवल झपाट्याने वाढते, पाणी हिरवे होते आणि खालच्या वनस्पतींना प्रकाश मिळेनासा होतो. पुढे मृत शैवल कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. विस्तीर्ण सरोवरात हाच भार सहज सामावला जातो. म्हणजे दोष बदकांचा नसून तळ्याच्या लहान आकाराचा आहे.

प्रतिबंधाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे बदकांना खाऊ न घालणे. पाव टाकल्याने ती पुनःपुन्हा येतात, आणि न खाल्लेला पाव कुजून पाणी अधिकच बिघडते.

दुसरा उपाय लागवडीचा. उतरण्यास मोकळे पाणी आणि चढण्यास मोकळा काठ बदकांना प्रिय असतो. काठावर पिवळा आयरिस व लव्हाळे दाट वाढू द्यावे. काठाचा उतार मात्र काढून टाकू नये. बेडकांना व काटेसायाळीसारख्या प्राण्यांना पाण्याबाहेर येण्यास तो आवश्यक असतो. झाडीत बेडूक सहज शिरतो, बदकाला मात्र ती अडचणीची वाटते.

लागवड वाढेपर्यंत बांबूच्या काठ्या रोवून पाण्यावर थोड्या उंचीवर जाड, ठळक दिसणाऱ्या दोऱ्या आडव्या-उभ्या ताणाव्यात. बारीक जाळे वापरू नये. त्यात पक्षी, काटेसायाळ व साप अडकून मरतात. बगळ्याच्या निश्चल पुतळ्यालाही पक्षी लवकरच सरावतात.

योग्य वेळ

ब्रिटनमध्ये बेडूक साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालतात, आणि याच सुमारास मॅलार्डच्या जोड्या घरट्यासाठी जागा शोधू लागतात. म्हणून सर्व व्यवस्था हिवाळा संपण्यापूर्वी करावी. एकदा घरटे झाले की त्यास हात लावता येत नाही. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार वापरातील घरटे वा अंडी नष्ट करणे हा गुन्हा आहे. अशा वेळी धीर धरावा. मादी सुमारे २८ दिवस अंडी उबविते आणि पिले बाहेर आल्यावर बहुधा एका दिवसातच त्यांना पाण्याकडे नेते. काठ उभा असल्यास पिलांना वर चढण्यासाठी एक उतरती फळी ठेवावी, म्हणजे ती बुडणार नाहीत.

बदकांना उडून दुसऱ्या जलाशयावर जाता येते; भैकेरांना तसे करता येत नाही. म्हणून लहान तळ्याच्या बाबतीत भैकेरांची बाजू घेणे उचित होय, आणि तीही बदकांना इजा न करता.