मागच्या चाकाचा कॅलिपर : दुरुस्त करावा की बदलावा?



ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या देखभालीबद्दल आपण या पानावर पुष्कळ बोलतो. पण आता वस्तीवस्तीवर चारचाकी मोटार आली आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यायला मात्र कुणाला सवड नाही. तेव्हा या खेपेला मोटारीच्या मागच्या ब्रेकचा पाठ घेऊ. निमित्त घडलं ते आधी सांगतो.

आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांची, त्यांना अण्णा म्हणू, मोटार उन्हाळ्यात एका गॅरेजात जाऊन आली. मागचे ब्रेक पॅड नवे टाकले. पुढं पावसाळा लागला, रस्ता चिखलाचा, म्हणून गाडी शेडखाली हँडब्रेक ओढून उभी राहिली ती थेट दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर घरची मंडळी घेऊन अण्णा आंबा घाटातून रत्नागिरीकडे निघाले. गाडीत दोन नातवंडं. अर्धा घाट उतरल्यावर जळका वास सुटला, मागच्या डाव्या चाकातून धूर निघाला आणि ब्रेकचा पेडल दाबला तर मऊ लागून खाली जाऊ लागला. अण्णांनी डोकं शांत ठेवून पहिला गिअर टाकला, गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि हँडब्रेक न ओढता तासभर थांबले. चाक गार झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट झाला. नातू बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला होता, त्याला त्यांनी अडवलं. फार बरं केलं. तापून लाल झालेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तिला तडा जातो, नाहीतर ती वाकडी होते.

आता हे झालं कसं ते पाहू.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबला की ब्रेक ऑईलच्या दाबानं पिस्टन पुढं येतो आणि आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. मग कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही ओढून घेतो. पाय काढला की पिस्टन मागं कोण नेतं? स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं, ते दाबाखाली किंचित पिळतं आणि दाब सुटला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागं खेचतं. एवढ्या केसभर जागेवर सगळा कारभार चालतो. पिस्टनवर गंज चढला किंवा पिना सुकल्या की ती जागा संपली, ब्रेक धरून राहतो आणि चाक तापतं.

चाक तापलं की ब्रेक ऑईल तापतं. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ जातीचं कोरडं नवं ऑईल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण ओलावा धरलेल्या ऑईलसाठी तोच आकडा १४० अंशांवर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑईल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातो. अण्णांच्या गाडीला नेमकं हेच झालं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायचं, डबा फोडून अर्धा ठेवलेलं जुनं ऑईल वापरायचं नाही. आणि ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईल, इंजिन ऑईल, डिझेल यांतलं काहीही ब्रेकच्या टाकीत घालू नका. रबरी सील फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

गाडी वर्कशॉपला आणली तेव्हा आमच्या मिस्त्रींनी लगेच पाना लावला नाही. ब्रेक धरायला कारणं चार असतात, आणि कॅलिपरवर सगळा आळ घालणं बरोबर नाही. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना ठोकळे लावले, कारण मागचं काम म्हणजे हँडब्रेक सोडावाच लागतो. गाडी उचलून पक्क्या स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून खाली शिरू नका, एवढं आमचं हात जोडून सांगणं आहे.

चाक हातानं फिरेना. आधी हँडब्रेकची केबल कॅलिपरवरून सोडली. चाक सुटलं असतं तर दोष गंजलेल्या केबलचा. सुटलं नाही. मग हवा काढायचं निपल सैल केलं. त्यानं चाक सुटलं असतं तर दाब आत अडकला होता असा अर्थ. रबरी नळी आतून सुजली की ऑईल जाऊ देते पण परत येऊ देत नाही, किंवा दोष वर मास्टर सिलिंडरमध्ये असतो. तरीही चाक सुटलं नाही, तेव्हा कॅलिपरच धरला आहे हे ठरलं.

कॅलिपर उतरवला तो तारेनं टांगून, नळीवर लोंबकळत न ठेवता. एक पिन सरकत होती, दुसरी जाम. आतला पॅड जवळजवळ लोखंडाला टेकलेला, बाहेरचा बराच शिल्लक. पिस्टनवरचं धुळीचं रबर फाटलेलं. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, पॅड टाकताना कुणी पिस्टन शिकंज्यानं दाबला होता का?" अण्णा म्हणाले, "व्हय की, जोर लावून दाबला. मी तिथंच उभा हुतो."

इथंच मेख आहे. पुढच्या चाकाचा पिस्टन सरळ दाबून मागं जातो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असेल तर पिस्टन आत आट्यांवर बसलेला असतो. तो दाबत दाबत फिरवून मागं न्यावा लागतो, त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. कुठल्या दिशेनं फिरवायचा हे गाडीच्या पुस्तकात पाहावं, काही गाड्यांत डावी-उजवी बाजू उलट असते. सरळ दाबलं की आतली यंत्रणा मोडते. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो, ते काम जाणत्याकडेच द्यावं. ज्यांच्या गाडीला मागं ड्रम आहेत त्यांना हा प्रश्न नाही.

दुरुस्ती की बदल? नुसत्या पिना सुकल्या असतील किंवा रबर फाटूनही पिस्टन गुळगुळीत असेल, तर सील किट टाकून काम भागतं. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावावं. बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगून पिन पुन्हा अडकते. पिस्टनवर नखाला लागतील असे खड्डे असतील, सिलिंडरला आतून ओरखडे असतील, हँडब्रेकची यंत्रणा मोडली असेल किंवा निपलच्या आट्या गेल्या असतील, तर कॅलिपर बदलावा. पॉलिश पेपरनं घासून चालवू म्हणणारे भेटतील. शेतातला पंप असता तर आम्हीही घासून चालवला असता.

अण्णांचा कॅलिपर बदलला. पॅड मात्र दोन्ही चाकांचे नवे घातले, एका चाकाचे कधी घालू नयेत. डिस्कची जाडी मोजली, कमीत कमी किती हवी तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. नळीच्या बोल्टाला तांब्याचे वायसर नवे. नवा कॅलिपर बसवल्यावर निपल वरच्या अंगाला आलं पाहिजे. खाली आलं तर डाव्या बाजूचा उजवीकडे बसवला आहे असं समजा, त्यातली हवा मग दिवसभर पंप मारूनही निघत नाही. हवा काढताना दोन माणसं लागतात: एकानं पेडल दाबून धरायचा, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचा. टाकी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग निघतो.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी सुरू केली तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून, थांबून, दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन ऊब सारखी आहे का पाहावं.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची तर गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवा.

अण्णांचा जुना कॅलिपर वर्कशॉपच्या खिडकीत ठेवला आहे. ऊस बिलाच्या चौकशीला कारखान्यावर आलात तर पाहून जा. पिस्टनवरचे खड्डे बोटाला लागतात.