जन्माने गुन्हेगार : एका कायद्याचा धडा

शासन माणसांचे स्वातंत्र्य कसे हिरावून घेते, हे समजण्यासाठी आम्ही आज १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अभ्यासणार आहोत. एखाद्याने गुन्हा केला तर त्याला शिक्षा व्हावी, हा न्याय सर्वांना मान्य आहे. या कायद्याने मात्र संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरविल्या. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा युक्तिवाद त्यावेळी करण्यात आला. म्हणजे जातिव्यवस्थेचेच तत्त्व इंग्रज सरकारने कायद्यात आणले.

कायद्याची रीत पाहा. सरकार अधिसूचना काढून जमातीचे नाव जाहीर करी. ती अधिसूचना योग्य की अयोग्य, हे विचारण्याचा अधिकार न्यायालयालाही नव्हता. मग जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत चढत. ठरवून दिलेली हद्द ओलांडायची तर पास लागे. कोण आले, कोण गेले याची खबर देण्याची जबाबदारी गावच्या पाटलावर व चौकीदारावर टाकलेली होती. १९११ साली हा कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होऊ शकेल असा करण्यात आला. बोटांचे ठसे, ठराविक वेळी हजेरी, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा जमातींतील कुटुंबे तेथे हजेरी देत जगली.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. कलम १९ ने देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला. तरीही हा कायदा रद्द होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्यानंतर अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतील जातीवर आधारलेले भेदभाव घटनाबाह्य ठरविले, त्यात विमुक्त जमातींविषयीच्या तरतुदीही होत्या. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटली, तरी शिक्का पुसला गेला नव्हता!

विद्यार्थी मित्रांनो, कोणताही निर्बंध समोर आला की तीन प्रश्न विचारा. हा निर्बंध माणसाच्या कृत्यावर आहे की जन्मावर? त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते काय? आणि त्याची मुदत केव्हा संपते? १८७१ चा कायदा ज्यांच्यावर लादला, त्यांना हे प्रश्न विचारायला सभागृहात जागाच नव्हती.

आणखी एक प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला पाहिजे. आपल्या वस्तीशेजारी पारध्याचे पाल पडले, तर आपण त्याला शेजारी मानतो की संशयित? अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या समाजाने तरी दुसऱ्याची नोंदवही आपल्या मनात ठेवू नये.